बापानें घराबाहेर काढलें, तर?

चिमूरच्या एखाद्या आळींतील घर डोळ्यांपुढें आणावें. बाप चौसष्ट वर्षांचा, मुलगा तिशीचा. घरांत सून आणि चार वर्षांचें नातवंड. बापलेकांचें बिनसलें, शब्दानें शब्द वाढला, आणि बाप गरजला, "माझ्या घरांतून चालता हो." आठ दिवसांनीं वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस झळकली कीं, मुलाशीं कांहींएक संबंध उरला नसून त्यास मिळकतींतून बेदखल केलें आहे. बापास वाटलें, काम झालें. मुलास वाटलें, सर्वस्व गेलें. कायद्याच्या दृष्टीनें दोघेही चुकले. अशा नोटिशीनें नातें तुटत नाहीं आणि हक्कही बुडत नाहीं. पाहावयाचें तें इतकेंच कीं, घर कोणाचें?

घर बापानें स्वतःच्या कमाईनें घेतलें किंवा बांधलें असेल, तर तें सर्वस्वीं त्याचें. सज्ञान मुलगा तेथें राहतो तो केवळ अनुज्ञेनें. मुलगा विवाहित असो वा अविवाहित, आईबापांच्या मर्जीपुरतेंच त्याचें राहणें, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयानें २०१६ सालीं दिला. असें घर बाप मृत्युपत्रानें कोणासही देऊं शकतो. परंतु मृत्युपत्र न करतां तो वारला, तर 'बेदखल' मुलगाही इतर वारसांबरोबर आपला हिस्सा घेतो!

घर वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाचें असेल, तर गोष्ट निराळी. मिताक्षरेप्रमाणें त्यांत मुलास जन्मतःच हिस्सा असतो. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीसही तोच हक्क मिळाला. येथें बाप कोणास हुसकूं शकत नाहीं; फार तर वांटणी होईल. मात्र आजोबांकडून आलेलें सर्वच वडिलोपार्जित, ही समजूत खोटी. १९५६ चा हिंदु वारसा कायदा आल्यानंतर आजोबा मृत्युपत्र न करतां वारले आणि त्यांची स्वतंत्र मिळकत वारशानें बापाकडे आली, तर ती सामान्यतः बापाचीच स्वतंत्र मिळकत होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं ठरविलें.

चिमूरच्या मुलखांत आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा लागतो. गोंड, माना आदि अनुसूचित जमातींस १९५६ चा वारसा कायदा आपोआप लागू होत नाहीं. त्यांच्या बाबतींत रूढी पाहावी लागते.

आतां, घर बापाचेंच ठरलें, तर त्यानें रात्रीं मुलाचें सामान अंगणांत फेकावें काय? तसें नव्हे. अनुज्ञा काढून घेतल्यावर निघून जाण्यास आणि सामान नेण्यास वाजवी मुदत मिळाली पाहिजे, असें १८८२ चा ईझमेंटचा कायदा सांगतो. मुलगा तरीही न हलला, तर दिवाणी न्यायालय आहे. आणि बाप साठ वर्षांचा किंवा त्याहून अधिक वयाचा असल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालील न्यायाधिकरणाचा मार्गही आहे. उपविभागीय अधिकारी त्याचे प्रमुख. चिमूरकरांस त्यासाठीं चंद्रपूर गांठावें लागत नाहीं. अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या पायरीवर.

या कायद्यांत मुलास घराबाहेर काढण्याचें स्वतंत्र कलम नाहीं. तो अधिकार न्यायालयांनीं कायद्याच्या हेतूवरून मान्य केला आहे. मुंबईंतील ऐंशी वर्षांच्या एका पित्याच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२५ मध्यें मुलास जागा सोडण्याचा हुकूम कायम केला. उलट त्याच वर्षीं मार्चमध्यें दुसऱ्या एका प्रकरणांत तशी मागणी नाकारली. तात्पर्य हें कीं, वृद्धांच्या रक्षणासाठीं अवश्य असेल तेव्हांच हें शस्त्र चालतें.

सुनेची स्थिति मुलाहून वेगळी आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें तिला सामायिक घरांत राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर सासऱ्याच्या नांवावर कां असेना. ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार घेऊन तो हक्क सरसकट मोडतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२० मध्यें सांगितलें. तथापि हा हक्कही निरंकुश नव्हे. प्रसंगीं तिला दुसऱ्या जागेची सोय करून देतां येते.

धडधाकट सज्ञान मुलास पोसण्याची सक्ती बापावर नाहीं. परंतु स्वतःचा निर्वाह करूं न शकणारी अविवाहित मुलगी हिंदु कायद्याप्रमाणें पोटगी मागूं शकते; आणि शारीरिक वा मानसिक वैगुण्यामुळें पांगळें झालेलें सज्ञान अपत्यही फौजदारी न्यायालयांत ती मागूं शकतें. स्त्रिया व अनुसूचित जातिजमातींचे लोक यांस विधी सेवा समितीकडून वकील विनामूल्य मिळतो.

ज्येष्ठ नागरिक कायद्यांत एक शहाणपणाची तरतूद आहे. पोटगीचा अर्ज ऐकण्यापूर्वीं न्यायाधिकरण तो समेट अधिकाऱ्याकडे पाठवूं शकतें. बापलेकांनीं ती पायरी चुकवूं नये. घर कोणाचें हें न्यायालय सांगेल. परंतु त्या चार वर्षांच्या पोरानें उद्यां आजोबांस काय म्हणून हांक मारावी, हें सांगणें कोणत्याही न्यायाधीशाच्या हातीं नाहीं.