ब्लॅकॉटनच्या वर्गातील मधमाश्या

शाळेतून घरी आलेल्या मुलाला आपण आईबाप नेहमी विचारतो, “आज मिसने काय शिकविले?” “आज तू वर्गात काय विचारलेस?” असे विचारणारे घर क्वचितच सापडते. हे दोन्ही प्रश्न वरवर सारखे वाटले तरी त्यांत मोठे अंतर आहे. ते अंतर केवढे, हे इंग्लंडमधील एका खेडेगावच्या प्राथमिक शाळेने दाखवून दिले. त्या शाळेची हकीकत आमच्या वाचकांना, विशेषतः ज्यांची मुले प्राथमिक शाळेत जातात त्यांना, आज सांगावीशी वाटते.

इंग्लंडच्या नैऋत्य भागात डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथे डार्टमथ गावापासून जवळच ब्लॅकॉटन हे लहानसे खेडे आहे. गावात प्राथमिक शाळा आहे. इंग्लंडमधील प्राथमिक शाळेची रीत आपल्याला अगदी अपरिचित नाही, कारण आपल्या बेटावरील शाळाही इंग्रजी अमदानीतच वाढल्या. मूल चार वर्षांचे झाले की ‘रिसेप्शन’ नावाच्या वर्गात बसते आणि अकराव्या वर्षी प्राथमिक शाळा सोडते. सकाळी हजेरी, मग सर्वांची सभा, लहान मुलांना सतरंजीवर बसवून सांगितलेली गोष्ट, गणित, वाचन, मधल्या सुटीतील धावपळ, दुपारचे जेवण, असा त्यांचा दिवस जातो. सहाव्या वर्षाच्या मुलांना मे महिन्यात सरकारी परीक्षा असते, आणि तिची धास्ती तेथील शिक्षकांना व पालकांनाही असते. म्हणजे तेथे सारे मोकळे आणि आपल्याकडेच तेवढा परीक्षेचा जाच, असे कोणी समजू नये.

अशा या शाळेत बो लोट्टो नावाचे शास्त्रज्ञ आले. ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डोळा आणि मेंदू जग कसे पाहतात याचा अभ्यास करीत असत. शाळेचे मुख्याध्यापक डेव्ह स्ट्रडविक यांची त्यांना साथ मिळाली. दोघांचे म्हणणे असे की, विज्ञान म्हणजे एक प्रकारचा खेळच आहे. खेळाला नियम असतात, खेळताना काय होईल हे आधी ठाऊक नसते, आणि चुकले तर पुन्हा डाव मांडता येतो. मग मुलांना शास्त्रज्ञांनी लावलेले जुने शोध घोकावयास लावण्यापेक्षा नवा शोधच का लावू देऊ नये? वर्गात ८ ते १० वर्षांची २५ मुले होती.

मुलांनी पुष्कळ प्रश्न काढले. त्यांतून त्यांनी एक निवडला. इंग्लंडमध्ये बंबलबी नावाची मधमाशी असते. ती आपल्या साध्या मधमाशीपेक्षा अंगाने जाड आणि केसाळ. ही माशी फुलावर बसताना नुसता रंग पाहते, की कोणत्या रंगाच्या शेजारी कोणता रंग आहे हेही पाहते? माणसाला कोडे सुटते, तसे माशीला सुटते का? हा प्रश्न मुलांच्या पुस्तकात नव्हता, आणि त्याचे उत्तर शिक्षकांनाही ठाऊक नव्हते. या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हांला हीच वाटते.

गावातील चर्चच्या आवारात प्रयोग मांडला गेला. पारदर्शक भिंतींची एक मोठी पेटी होती. तिच्यात दिव्यांच्या चार पाट्या, आणि प्रत्येक पाटीवर फुलांऐवजी १६ रंगीत गोल. दोन पाट्यांवर मधोमध ४ निळे गोल आणि भोवती १२ पिवळे. उरलेल्या दोन पाट्यांवर त्याच्या उलट. मधल्या गोलांत साखरेचे पाणी आणि कडेच्या गोलांत मिठाचे पाणी ठेवले. म्हणजे ‘निळा चांगला’ किंवा ‘पिवळा चांगला’ एवढेच लक्षात ठेवून माशीचे भागणार नव्हते. भोवतालचे रंगही तिला पाहावे लागणार होते.

कोणती माशी कोठे गेली हे कळावे म्हणून प्रत्येकीला खूण हवी. त्यासाठी माश्या थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवल्या. गारव्याने त्या सुस्तावल्या, तेव्हा त्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके लावले आणि ऊब मिळताच त्या पुन्हा उडू लागल्या. माश्या शिकल्या असे वाटल्यावर मुलांनी साखर काढून घेतली आणि कसोटी घेतली. आता वासाने वा चवीने काही कळण्याची सोय राहिली नाही. तरीही दहापैकी साधारण नऊ वेळा माश्या मधल्या गोलांवरच गेल्या.

येथे एखादा वर्ग टाळ्या वाजवून घरी गेला असता. या मुलांना मात्र शंका आली की माश्या केवळ ‘मध्ये जावे’ एवढेच शिकल्या असतील. तेव्हा त्यांनी मधले गोल हिरवे करून पाहिले. आता माश्या पूर्वीसारख्या मधल्या गोलांकडे गेल्या नाहीत. म्हणजे त्यांनी रंगही ध्यानात ठेवला होता आणि जागाही. शिवाय सर्व माश्यांनी एकाच रीतीने कोडे सोडविले नव्हते; कोणी एका युक्तीने, तर कोणी दुसरीने. आपल्या निकालावर आपणच शंका घेणे हे मोठ्या माणसांना जड जाते. ते दहा वर्षांच्या मुलांनी केले.

मग निबंध लिहिला गेला. तो मुलांच्याच बोलीत होता आणि त्यातील आकृत्या मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढल्या होत्या. पूर्वीच्या विद्वानांच्या ग्रंथांची यादी त्यात नव्हती, कारण मुलांनी ते ग्रंथ वाचलेच नव्हते. त्यांना प्रश्न सुचला तो पाहण्यातून. पण यादीशिवाय शास्त्रीय निबंध छापणार कोण? प्रयोगाला चार महिने लागले, आणि छापून येण्यास दोन वर्षे. अखेर डिसेंबर २०१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या पत्रिकेने तो छापला. ही सोसायटी १६६० मध्ये स्थापन झालेली. न्यूटन तिचे अध्यक्ष होते. अशा संस्थेच्या पत्रिकेत लेखक म्हणून पहिले नाव आले ते ब्लॅकॉटनच्या प्राथमिक शाळेचे. दोन तज्ज्ञांनी सोबत टिप्पणी लिहून या कामाचे महत्त्व सांगितले. पुढे २०१२ मध्ये एडिंबरो येथील एका जागतिक व्यासपीठावर लोट्टो यांच्यासह त्या वर्गातील एक मुलगी बोलली. तेव्हा ती १२ वर्षांची होती.

कोणी म्हणेल, तेथे लंडनचा शास्त्रज्ञ आला म्हणून हे झाले. हे खरे आहे. पण दुसरे एक उदाहरण पाहा. सप्टेंबर २०१५ मध्ये रॉकेट नावाच्या पालेभाजीचे २ किलो बी अंतराळस्थानकावर पाठविण्यात आले. सुमारे सहा महिने ते वर राहिले. ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक त्या काळात स्थानकावर होते. बी परत आल्यावर ब्रिटनमधील हजारो शाळांना दोन रंगांची पाकिटे मिळाली. एका पाकिटात अंतराळातून आलेले बी, दुसऱ्यात जमिनीवर राहिलेले. कोणते कोणत्यात, हे मुलांना सांगितले नव्हते. सुमारे ६ लाख मुलांनी ते पेरले, पाणी घातले, मोजले, लिहिले. बी जिवंत होते, परंतु अंतराळातून आलेल्याची वाढ मंद होती. येथे वर्गात कोणी शास्त्रज्ञ नव्हता. कुंडी, माती, पट्टी आणि वही, एवढेच साहित्य होते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या बेटावर सी.पी.ई. गेली आणि २०१७ पासून पी.एस.ए.सी. आली. परीक्षेचे नाव बदलले, पण संध्याकाळची शिकवणी आणि पाठांतर घरोघर चालूच आहे. शिक्षक-प्रशिक्षणात ‘बालकाची जिज्ञासा जागवावी’ असे आम्ही सर्वच शिक्षक लिहून आलो आहोत. वर्गात मात्र अभ्यासक्रम संपविण्याची घाई असते, आणि जिज्ञासेला तासिका मिळत नाही.

मराठीच्या तासाला तर हे अधिकच लागू पडते. घरी क्रिओल बोलले जाते. शाळेत मूल फळ्यावरची मराठी वाक्ये उतरवून घेते, शब्दार्थ पाठ करते, गुणही मिळविते. पण ज्या भाषेत मुलाने एकही प्रश्न विचारला नाही, ती भाषा त्याची झाली असे कसे म्हणावे? आजीला ऊस, पाऊस, पाखरे, मुंग्या यांविषयी मराठीत बोलता येत होते, कारण तिने ते सारे पाहत पाहत शब्द घेतले. नातवाला आपण शब्द दिले आणि पाहणे दिले नाही.

यासाठी फार काही लागत नाही. चार बश्या घ्याव्यात. दोन निळ्या कागदावर, दोन पिवळ्यावर ठेवाव्यात. एका रंगावरील बश्यांत साखरेचे पाणी, दुसऱ्यावरील बश्यांत साधे पाणी. रोज एकाच वेळी कोण येते आणि कोठे बसते ते मुलाने लांबून पाहावे, कारण मधमाशी डंख मारते. आठवड्याने सर्व बश्यांत साधेच पाणी घालून कागदांच्या जागा बदलाव्यात आणि मग काय होते ते वहीत मराठीत लिहावे, शुद्धलेखन चुकले तरी चालेल. उत्तर काय येईल हे आम्हीही आधी सांगणार नाही.

मुलांनी असे काही पाहिले, विचारले, लिहिले, तर आईबापांनी व शिक्षकबंधुभगिनींनी ते या पानाकडे अवश्य पाठवावे. प्रश्न लहान असला तरी चालेल. तो मुलाचा स्वतःचा असावा, एवढीच विनंती आहे.