दत्तक गावांची बँक

मृगाचा पाऊस तोंडावर आला की मराठवाड्यातल्या ग्रामीण बँकेच्या शाखेत पाय ठेवायला जागा उरत नाही. काखेत पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स, सोसायटीची आणि इतर बँकांची बेबाकी. बहुतेकांचं काम एकच असतं, पीककर्जाचं नवं-जुनं. गेल्या वर्षीचं मुद्दल आणि व्याज भरून खातं नील करायचं आणि नव्या हंगामासाठी तेच कर्ज पुन्हा उचलायचं. परतफेड मुदतीत झाली तर केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत मिळून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. मुदत हुकली की सवलत गेली. त्यामुळे मधल्या चार दिवसांसाठी आडत्याकडून, नाहीतर थेट सावकाराकडून रक्कम उचलून खातं नील करणारेही या रांगेत असतात. ज्या सावकारीतून सोडवण्यासाठी ही बँक जन्माला आली, तिचाच पैसा तिच्या काउंटरवर यावा, याचं वाईट वाटतं.

जन्म आणीबाणीतला. जुलै १९७५ मध्ये जाहीर झालेल्या वीस कलमी कार्यक्रमात ग्रामीण कर्जबाजारीपणा संपवण्याचं कलम होतं. सावकाराचा हात धरायचा तर पेरणीला पैसा दुसरीकडून यायला हवा. सहकारी सोसायटीला गावाची नस ठाऊक होती, पण तिच्याकडे पैसा आणि शिस्त कमी. राष्ट्रीयीकृत बँकांकडे पैसा होता, पण त्यांचा साहेब बांधावर उतरत नव्हता. एम. नरसिंहम यांच्या कार्यगटाने दोन्हींचे गुण एकत्र आणणारी तिसरी बँक सुचवली. २६ सप्टेंबरला वटहुकूम निघाला आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी मुरादाबाद, गोरखपूर, भिवानी, जयपूर-नागौर आणि माल्दा इथल्या पहिल्या पाच बँका सुरू झाल्या. कायदा १९७६ चा. भांडवलात केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा १५ आणि प्रायोजक बँकेचा ३५. त्याच वर्षी नांदेडला बँक ऑफ महाराष्ट्रच्या प्रायोजकत्वाखाली मराठवाडा ग्रामीण बँक उभी राहिली.

या बँकांना तोट्यासाठी दोष देणाऱ्यांनी मूळ रचना नीट पाहावी. कर्ज द्यायचं ते फक्त अल्पभूधारक, शेतमजूर, कारागीर यांनाच, आणि तेही सोसायटीच्या दरापेक्षा महाग नको. खर्च भागावा म्हणून कर्मचाऱ्यांचे पगार राज्य सरकारी नोकरांच्या पातळीवर ठेवलेले. म्हणजे लहान कर्जं, जास्त फेऱ्या, कमी व्याज, आणि तोटा भरून काढायला मोठा ग्राहक एकही नाही. १९९० मध्ये राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाने कर्मचाऱ्यांना व्यापारी बँकांइतका पगार दिला, जो त्यांचा हक्कच होता. पण स्वस्त बँकेचा हिशेब तिथे संपला. त्याच सुमारास दहा हजारांपर्यंतच्या कर्जमाफीने वसुलीची सवय मोडली. खुस्रो समितीने तर या बँका प्रायोजक बँकांत विलीन करून टाकाव्यात, असं १९८९ मध्येच सांगितलं होतं. सुदैवाने तसं झालं नाही. नव्वदच्या दशकात इतरांनाही कर्ज देण्याची मुभा मिळाली, व्याजदर मोकळे झाले, सरकारने भांडवल ओतलं. २०२३-२४ मध्ये देशातल्या ग्रामीण बँकांनी मिळून ७,५७१ कोटी रुपयांचा निव्वळ नफा कमावला.

दरम्यान बँकांची संख्या घटत गेली. एकेकाळी देशात १९६ ग्रामीण बँका होत्या. २००५ पासून विलीनीकरण सुरू झालं आणि आता २८ उरल्या. मराठवाडा ग्रामीण आणि महाराष्ट्र गोदावरी ग्रामीण मिळून २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. बँक ऑफ इंडियाच्या छत्राखालची विदर्भ कोकण ग्रामीण बँक २०१३ मध्ये आली. १ मे २०२५ रोजी, महाराष्ट्रदिनी, या दोन्ही एक झाल्या. नाव महाराष्ट्र ग्रामीण बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर, कार्यक्षेत्र सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत.

विलीनीकरणाचे फायदे खरे आहेत. मोबाइल बँकिंग, सायबर सुरक्षा, भांडवल या गोष्टी चार जिल्ह्यांच्या बँकेला झेपत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यात काही जिल्हा बँका डबघाईला आल्यावर सोसायटीचा आधार तुटलेल्या शेतकऱ्याला जवळचं दार बरेचदा ग्रामीण बँकेचंच उरलं, तेव्हा ते दार भक्कम असलेलं बरं. पण या बँकेची खरी ताकद सर्व्हरमध्ये नाही. सातबाऱ्यावर ऊस लागलेला दिसतो, विहीर मात्र मार्चमध्येच आटते, हे शाखेत चार वर्षं काढलेल्या अधिकाऱ्याला माहीत असतं. थकबाकीदारांपैकी कुणाचं सोयाबीन खरंच गेलं आणि कोण माफीच्या बातमीवर डोळा ठेवून बसलंय, हे तो ओळखतो. बचत गटाच्या ठराववहीतल्या सह्या बैठकीत झाल्या की घरोघर फिरून घेतल्या, हेही त्याला कळतं. गटांना बिनतारण कर्ज देणं या ओळखीवरच चालतं.

आणि ही ओळखच आज पणाला लागली आहे. प्रत्येक शाखेला गावं दत्तक असतात. गाव दत्तक नसेल तर पीककर्ज मागणाऱ्याला बहुधा दारातूनच परत पाठवलं जातं. पण या गावांच्या मानाने शाखेत माणसं किती? एक व्यवस्थापक, एखादा अधिकारी, दोन क्लार्क, त्यात कुणी रजेवर. पीककर्जाचं उद्दिष्ट, विम्याच्या पॉलिसी, अनुदान जमा झाल्यावर उसळणारी गर्दी, सगळं त्यांच्याच अंगावर. अशा शाखेतून बांधावर जाणार कोण? त्यात आता बदलीचं क्षेत्र अख्खं राज्य झालं आहे. कोकणातली भातशेती जाणणारा माणूस धानोरा-भामरागडकडे गेला तर त्याला माडिया, गोंडी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा शब्द समजायलाच वर्ष लागेल. तो कामाचा होईतो पुढच्या बदलीचा आदेश येईल.

नव्या बँकेच्या संचालक मंडळाकडे मागणं मोठं नाही. व्यवस्थापकाला एका शाखेत निदान तीन खरीप काढू द्यावेत. दत्तक गावांची संख्या शाखेतल्या माणसांकडे बघून ठरवावी. नवं-जुनं करताना पात्र शेतकऱ्याचं मंजुरीचं काम परतफेडीच्या आधीच पूर्ण ठेवावं, म्हणजे त्याला मधल्या दिवसांसाठी आडत्याची पायरी चढावी लागणार नाही. आणि मे-जूनमध्ये कुणाचीही बदली करू नये.