डाव्या पायाची निवृत्ती

म्युनिचच्या बीएमडब्ल्यू कंपनीची एम-५ ही मोटार दिसायला चार दारांची, सभ्य, पेढीपुढे उभी राहिली तरी कोणी वळून पाहू नये अशी. अंतरंगाने मात्र शर्यतीच्या गाडीची सख्खी बहीण. ‘स्पोर्ट सेडान’ या जातीचा तो नमुनाच म्हणावा लागेल. १९८५ च्या सुमारास ती अवतरली आणि २००३ पर्यंतच्या तिच्या पहिल्या तीन पिढ्या केवळ हाताने गिअर बदलण्याच्या स्वरूपातच मिळत. तिसऱ्या पिढीत आठ सिलिंडरांचे, चारशे अश्वशक्तीचे इंजिन होते, सहा गिअर होते आणि पायाशी तीन पेडल होती. ऑटोमॅटिक हवी असल्यास दुसरे दुकान पाहावे, असाच जणू विक्रेत्याचा बाणा होता.

२०२४ मध्ये तिची सातवी पिढी आली. पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर, एकूण ७२७ अश्वशक्ती, आणि क्लचचे पेडल मुळीच नाही. या दोन टोकांच्या मध्ये जे घडले, ते दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या कोणालाही चटकन समजेल.

२००५ मध्ये चौथी पिढी दहा सिलिंडरांचे इंजिन घेऊन आली, तेव्हा कंपनीने क्लच दाबण्याचे काम यंत्राकडे सोपविले. अमेरिकेतील ग्राहकांनी त्यावर नाराजी व्यक्त केली. ही नाराजी इतकी तीव्र होती, की कंपनीने खास उत्तर अमेरिकेसाठी सहा गिअरांचा हाताचा गिअरबॉक्स बसवून दिला. पुढच्या पिढीतही तो तेथे ठेवला. पण आग्रह धरणारे पुष्कळ आणि प्रत्यक्ष पैसे मोजणारे थोडे निघाले. मालाची तोंडभर स्तुती करून रिकाम्या हाताने पायरी उतरणारे गिऱ्हाईक कोणत्या व्यापाऱ्याने पाहिलेले नाही? २०१७ मध्ये सहावी पिढी आली तेव्हा हाताचा गिअर किंमतपत्रकातून नाहीसा झालेला होता.

दोष केवळ ग्राहकाला देणे मात्र अन्यायाचे होईल. पूर्वीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खरोखरच आळशी होता. त्यात तीन किंवा चार गिअर असत, तेलाच्या माध्यमातून शक्ती पोचविताना तिचा काही अंश वाया जाई, आणि गाडी हळू चालून इंधन मात्र अधिक पीत असे. चालविण्याची आवड असणाऱ्याने त्याकडे पाठ फिरविणे स्वाभाविक होते. २००३ मध्ये फोक्सवॅगन समूहाने दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स रस्त्यावर आणला. त्यात एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी धावत असतानाच चौथा तयार होऊन उभा असतो. २००९ पासून जर्मनीतील झेडएफ कंपनीचा आठ गिअरांचा ऑटोमॅटिक आला आणि शक्तीची ती जुनी गळतीही बरीचशी थांबली. मग पारडे फिरले. जे यंत्र मागे पडत होते तेच आता माणसाच्या हातापेक्षा चपळ आणि इंधनातही काटकसरी ठरले.

एम-३ या धाकट्या बहिणीचे आकडे बोलके आहेत. तिच्या सध्याच्या पिढीत हाताच्या गिअरची ४८० अश्वशक्तीची गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.२ सेकंदांत गाठते. ५१० अश्वशक्तीची ‘कॉम्पिटिशन’ ३.९ सेकंदांत. इंजिनाचा जोर वेगळा असल्याने ही तुलना सरळ नाही, हे खरे. पण अधिक जोराचे इंजिन हाताच्या गिअरसह मागूनही मिळत नाही, ही खरी मेख आहे.

खातेवहीची बाजू याहून कठोर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या प्रत्येक जोडीची धुराची चाचणी स्वतंत्रपणे द्यावी लागते, तिचे संगणकीय नियंत्रण वेगळे जुळवावे लागते, सुटे भाग वर्षानुवर्षे साठवावे लागतात. हा खर्च गाड्या शंभर विकल्या काय आणि लाख विकल्या काय, फारसा बदलत नाही. विक्री घटली की प्रत्येक गाडीवरचा बोजा वाढतो, आणि हिशेबनिसाची लेखणी सर्वप्रथम त्याच ओळीवर फिरते.

यातही एक मौज आहे. युरोपात साधी घरगुती गाडी कित्येक दशके हाताच्या गिअरचीच असल्याने ऑटोमॅटिक ही बढती वाटे. अमेरिकेत सामान्य गाड्या जवळजवळ सगळ्याच ऑटोमॅटिक. म्हणून तेथे तिसरे पेडल हे दर्दी माणसाचे लक्षण ठरले. कॅडिलॅक हे नाव ज्या देशात मऊ गाद्यांच्या संथ सवारीसाठी घेतले जाई, त्याच कॅडिलॅकने २०२१ मध्ये ६६८ अश्वशक्तीची सीटी-५ व्ही ब्लॅकविंग सहा गिअरांच्या दांड्यासह विकायला काढली!

आपल्याकडची कथा लहान पण ओळखीची आहे. स्टिअरिंगजवळच्या दांड्याने प्रीमियर पद्मिनी चालविलेल्या वडीलधाऱ्यांच्या मुलांनी २००४ मध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस पाहिली. ती हाताच्या गिअरची होती. २०१७ मध्ये ते नाव परतले ते केवळ दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिकसह. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस २०२२ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या दीड लिटर इंजिनालाही ऑटोमॅटिकच होता. पुढच्या वर्षी हाताचा गिअर देण्यात आला. जी घरे गाडी घेताना गिअरच्या मुठीवर चामडे तर नाही ना, हे आधी विचारतात, त्यांनी ती मूठ हाताने फिरविण्याचाच प्रश्न आता विचारात घ्यायला हरकत नाही.

कारण जे जाते आहे ते केवळ यंत्र नव्हे. घाट उतरताना ब्रेकवर पाय न रोवता दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या धाकावर गाडी सांभाळणे, वळणापूर्वी इंजिनाचा आवाज ऐकून नेमक्या क्षणी गिअर उतरविणे, हे पुस्तकातून येत नाही. शेजारच्या आसनावर बसलेल्या वडिलांच्या ‘अजून नाही... आता’ या दोन शब्दांतून ते येते. गिअरचा चुकीचा खरखराट झाला की दोघेही क्षणभर गप्प होतात.

विजेच्या बहुतेक गाड्यांना बदलण्याजोगे गिअर नसतातच; त्यांची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. तरीही ह्युंदाईने २०२३ मधील आयोनिक ५ एन या गाडीत, आणि त्यानंतर आयोनिक ६ एन या सेडानमध्ये, आठ गिअरांचा आभास निर्माण केला आहे. स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की गाडी खोटा हिसका देते, ध्वनिक्षेपकातून इंजिनाचा खोटा आवाज येतो. कंटाळा आल्यास हे सारे एका बटणाने बंद करता येते.