टंचाई मजुरांची की मजुरीची?

शेतात राबायला माणसे मिळत नाहीत, ही जमीनदारांची ओरड आपल्याला नवी नाही. अमेरिकेतले बडे बागायतदार दुसऱ्या महायुद्धापासून हीच ओरड करीत आले आहेत. त्यावर त्यांचा उपायही ठरलेला आहे : परदेशातून मजूर आणा आणि हंगाम सरला की परत पाठवा. हा प्रश्न तिकडचा, आपल्याला त्याचे काय, असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे आहे, की ज्यांच्या पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबल्या त्यांनी तरी हा प्रश्न परका मानू नये.

आधी इतिहास पाहू. अमेरिकेने १९३५ साली कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा केला आणि १९३८ साली किमान वेतनाचा. दोन्ही कायद्यांतून शेतमजूर वगळले. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने शेतीत आणि घरकामात होते, आणि तेथील गोऱ्या जमीनदारांचे संसदेत मोठे वजन होते, हे लक्षात घेतले की या वगळण्यातली मेख कळते. याउलट बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला तेव्हा त्याच्या अनुसूचीत शेतीचे काम होते. अंमलबजावणी किती झाली हा भाग वेगळा. पण शेतमजूर हा कामगार आहे, हे आपल्या कायद्याने मान्य केले.

१९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून ‘ब्रासेरो’ योजना आणली. २२ वर्षांत ४५ लाखांहून अधिक करारपत्रे झाली. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापली गेली. अनेकांना ती कधीच मिळाली नाही. १९६४ च्या अखेरीस योजना बंद पडली. आता टोमॅटोची शेती बुडणार, असा आक्रोश झाला. शेती बुडाली नाही, तोडणीची यंत्रे आली. आणि १९६५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील डेलानो येथे लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो द्राक्षमजुरांनी संप पुकारला. मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. संप फोडायला करारी मजूर आता मालकांच्या हाताशी नव्हते.

आज त्या योजनेची जागा १९८६ च्या कायद्याने आलेल्या ‘एच-२ए’ व्हिसाने घेतली आहे. त्याला वार्षिक मर्यादा नाही. २०२३ या वर्षात तीन लाखांच्या आसपास व्हिसे दिले गेले, बहुतेक मेक्सिकन मजुरांना. कागदावर घर, प्रवासखर्च, ठराविक दर सारे आहे. पण व्हिसा मालकाला बांधलेला आहे. मालक सोडला की देशात राहण्याचा हक्क गेला. येण्यासाठी दलालाकडे कर्ज झालेले असेल तर तोंड कोण उघडणार? २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातील एका खटल्याच्या आरोपपत्रात मजुरांना बंदुकीच्या धाकाखाली हातांनी कांदे उपटायला लावल्याचे आणि बादलीमागे २० सेंट दिल्याचे नमूद आहे. तरीही २०२५ च्या ऑक्टोबरात तेथील कामगार खात्याने दर ठरवण्याची पद्धत बदलून या मजुरांची किमान मजुरी खाली आणली. टंचाई असेल तर भाव वाढतो, हा बाजाराचा नियम मजुराच्या वाट्याला मात्र उलटा येतो!

हे वाचताना मराठवाड्यातला ऊसतोड मजूर डोळ्यांपुढे येत नाही काय? तिकडे व्हिसा, इकडे मुकादमाची उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायची सोय नाही. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की किमान वेतनाहून कमी दरात काम करून घेणे म्हणजे संविधानाच्या कलम २३ ने मना केलेली सक्तीची मजुरी होय. भुकेची सक्तीही सक्तीच. ही कसोटी अमेरिकेच्या शेतालाही लावून पाहावी.

बाहेरून आलेला मजूर स्थानिक मजुराचा शत्रू नाही. शत्रू आहे ती त्याला बांधून ठेवणारी व्यवस्था. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. व्हिसा मालकाच्या नव्हे, मजुराच्या हाती असावा. मालक बदलण्याचा, संघटना करण्याचा आणि समान मजुरीचा हक्क त्याला असावा. एवढे देऊनही माणसे मिळाली नाहीत, तर टंचाई खरी मानू. तोवर ‘मजूर मिळत नाहीत’ असे कोणी म्हटले, की पहिला प्रश्न विचारा : किती मजुरीत?