एक तक्रार, तीन झटके

“गाडी झटके मारते,” एवढंच सांगून बागायतदार चावी मिस्त्रींच्या हातात ठेवतात.

दिवे घाटाच्या पायथ्याला, वडकीजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये हे गॅरेज आहे. आषाढी होऊन गेलीय, वारकऱ्यांनी भरलेला रस्ता आता पुन्हा ट्रकवाल्यांचा झालाय. दारात उभी असलेली गाडी फोर बाय फोर, डिझेल, ऑटोमॅटिक. मडगार्डच्या आत सासवडची माती वाळून बसलेली. मालकांची अंजिराची आणि डाळिंबाची बाग आहे. मी त्यांचा शेजारी. पुण्यात माझं काम होतं म्हणून त्यांच्या गाडीत बसलोय, ते काम आता आपोआप उद्यावर गेलंय.

दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आलंय की गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल. खर्चाचा आकडा लाखात आहे. तो कागद ते खिशातून काढतात, पण मिस्त्री त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

“झटका कधी मारते?”

“नेहमीच.”

“नेहमी म्हणजे कधी, दादा? चढाला, वळणावर, का थांबताना?”

“अहो, सगळीकडेच.”

“मग चला, दाखवा मला.”

मिस्त्री ड्रायव्हरशेजारी बसतात. मी मागे, आणि माझ्या बाजूला विशीतला एक पोरगा मांडीवर लॅपटॉप घेऊन. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधून वायर मागे आलीय. गिअरबॉक्सचा एकही कोड साठलेला नाही. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर चुकलं तर पी-०७३३ पडतो, तोही नाही. पोरगा मग चालू आकडे लावतो: इंजिनाचे फेरे, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे फेरे, आउटपुटचे फेरे, तेलाचं तापमान.

घाट सुरू होतो. पहिल्याच अवघड वळणावर गाडी अडखळते, पुढची चाकं कोणीतरी धरून ठेवल्यागत वाटतं, मग दणकन सुटतात. “हा बघा!” बागायतदार म्हणतात. मिस्त्रींचं लक्ष रस्त्याकडे नाही. ते गिअरच्या दांड्यामागच्या गोल बटणाकडे बघतायत.

“हे फोर-एचवर का?”

“पावसाळा आहे ना. सेफ असतं. जूनपासून तिथंच आहे.”

मिस्त्री काही बोलत नाहीत. गाडी थांबवायला लावतात, बटण टू-एचवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, फिरवतात आणि तेच वळण पुन्हा घ्यायला सांगतात. गाडी गुपचूप वळते. या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. फोर-एच लावलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरायचं असतं आणि फिरता येत नाही. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर सुटायला जागा नसते, तो शाफ्टमध्ये साठत जातो आणि एखाद्या क्षणी धक्का देऊन मोकळा होतो.

“एक झटका तुमच्या हाताचा,” मिस्त्री म्हणतात. “आता दुसरा दाखवा.”

चढ वाढतो. पाय दाबल्यावर गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला बघते, इंजिन क्षणभर मोकळंच ओरडतं, आणि मग पाठीत गुद्दा बसतो. हा झटका मघासारखा नाही. मिस्त्री मान न वळवता विचारतात, “काय दिसलं?” पोरगा सांगतो, “इनपुट बावीसशेवरून सत्तावीसशेला गेलं, मग धाडकन पंधराशेवर आलं.” वरचा गिअर पडताना हा आकडा सरळ खाली यायला हवा. तो आधी वर उडाला, म्हणजे जुना क्लच सुटला आणि नवा पकडायच्या आत इंजिन मधल्या मध्ये मोकळं राहिलं. मिस्त्री घाटाच्या माथ्यावरून गाडी वळवायला सांगतात. उतरताना डावीकडे खाली मस्तानी तलाव दिसतो, पाण्याने अर्धा भरलेला. सपाटीला आल्यावर मात्र दुसरा-तिसरा पुष्कळसा नीट पडतो.

गॅरेजच्या दारात गाडी थांबते. पूर्ण थांबल्यावर, एका श्वासाच्या अंतराने, खालून ‘टक्’ असा आवाज येतो.

“हा तिसरा,” मिस्त्री म्हणतात. “गाडी थांबल्यावर कुठला गिअर पडतो, दादा? हा गिअरबॉक्सचा नाही.”

गाडी लिफ्टवर चढते. तेलाचं तापमान ८६ अंश आहे. तेलाची पातळी आत्ता बघायची नाही, मिस्त्री बजावतात, आधी गाडी गार होऊ दे. तोवर बाकीचं. पोरगा बॅटरीचे टर्मिनल हलवून बघतो, व्होल्टेज घेतो. गिअर बदलणारे सोलेनॉइड विजेवर चालतात, वीज कमी पडली तर तेही चुकतात. इथे १२.६ आहे, ठीक आहे. गिअरबॉक्सखालच्या फाउंडेशनला टॉमी लावून उचलून बघतात. रबर फाटलेलं नाही. चारही टायर एकाच मापाचे. डिफरन्शियलचा हवा घेणारा पाइप मोकळा आहे. तो चिखलाने बुजला तर गरम हाउझिंग ओढ्याच्या गार पाण्यात उतरल्यावर सीलमधून पाणी आत ओढतं आणि तेल दुधाळ होतं. बागेकडे जाताना वाटेत ओढा लागतो, म्हणून हे बघणं आलंच.

मग मागचा प्रॉपेलर शाफ्ट. मिस्त्री तो दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळतात. क्रॉस घट्ट आहेत. पण शाफ्टचा सरकणारा सांधा, जिथे एक नळी दुसऱ्या नळीच्या खाचांमध्ये आत-बाहेर होते, तिथे त्यांचं बोट थांबतं. ते मला जवळ बोलावतात. खाचांमध्ये ग्रीस नाही, तपकिरी भुकटी आहे. ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली जातं, मागचा अ‍ॅक्सल जागा बदलतो, शाफ्टला लांब-आखूड व्हावं लागतं. कोरडा सांधा तसाच अडकून बसतो आणि गाडी थांबल्यावर सुटतो, ‘टक्’. पोरगा निप्पल चिंधीने पुसतो, ग्रीसगन लावतो. आधी काळं, घट्ट झालेलं ग्रीस बाहेर येतं, मग नवं डोकावतं. “बस,” मिस्त्री म्हणतात. “ठासून भरलं तर नळीला सरकायला जागा राहत नाही.”

उरला तो गुद्दा. म्हणजे तेल.

गार व्हायला वेळ लागतो. चहा येतो. फळीवर एक कापलेला टॉर्क कन्व्हर्टर ठेवलाय, तो मी हातात घेऊन बघतो. चांगलाच जड आहे. एक पात्यांचं चाक इंजिनाकडचं, समोर दुसरं गिअरबॉक्सकडचं, मध्ये तिसरं लहान. चाकांमध्ये लोखंडाचा सांधा नाही, एक चाक तेल ढकलतं आणि तेल दुसऱ्याला फिरवतं. १९०५ साली हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने जहाजांसाठी हे तत्त्व शोधून त्याचं पेटंट घेतलं. मोटारीत द्रवाची जोडणी असलेली पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी घरोघरी पोचायला १९४० सालच्या ओल्ड्समोबिलची वाट बघावी लागली, ‘हायड्रा-मॅटिक’ची. तेव्हापासून या पेटीचा अर्धा कारभार तेलावरच चालतो: क्लचच्या चकत्या दाबायच्या त्यानेच, गार ठेवायच्या त्यानेच, आणि किती सरकू द्यायच्या तेही त्यातल्या रसायनांवर.

दोन-अडीच तासांनी पोरगा ओरडतो, “एकतीस!”

गाडी लिफ्टवर आडवी सपाट आहे ना, हे मिस्त्री लेव्हल लावून बघतात. इंजिन चालू होतं. बागायतदारांना वर बसवलंय. ब्रेकवर पाय ठेवून ते पी, आर, एन, डी असा दांडा फिरवतात, प्रत्येक जागी चार-पाच सेकंद थांबून, म्हणजे सगळ्या वाटांमध्ये तेल भरेल. या पेटीला डिपस्टिक नाही. चेंबरच्या बाजूला एक बोल्ट आहे, तेल ३५ ते ४५ अंशांमध्ये असताना तो काढायचा, बारीक धार येऊन थेंबांवर थांबली की पातळी बरोबर.

“अडतीस.”

मिस्त्री बोल्ट सोडवतात. खाली ट्रे धरलेला आहे. काहीच येत नाही, एक थेंबसुद्धा नाही.

ते भोकात पातळ तार घालून टोकाला लागलेलं तेल पांढऱ्या कागदावर टिपतात. डाग पसरतो. गडद लाल, मध्ये काळा ठिपका नाही. वास घेतात, मला देतात. जळका वास नाही. बोटांत चोळल्यावर कचकच लागत नाही. “चकत्या जळाल्या असत्या तर हे तपकिरी झालं असतं. खोलायचं कशाला?”

पोरगा हातपंपाने तेल भरू लागतो. डबा उघडण्याआधी मिस्त्रींनी त्यावरचा नंबर गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहिलाय. लाल दिसलं म्हणून कुठलंही एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, चालत नाही. नळीतून नवं तेल चढताना बागायतदार वाकून बघतात, “हे तर आमच्या डाळिंबाच्या रसासारखं आहे की!” सव्वा लिटर आत जातं तेव्हा कुठे भोकातून धार सुरू होते. ती बारीक होत थेंबांवर येते. पोरगा बेचाळीस म्हणतो, आणि बोल्ट नव्या वॉशरसकट बसतो.

सव्वा लिटर कमी. सपाट रस्त्यावर पंपाला तेल मिळत होतं. चढाला सगळं मागे पळायचं, पंप तेलाबरोबर हवा ओढायचा, फेसाळलेल्या तेलाने चकत्या दाबल्या जायच्या नाहीत. तेवढ्यात कॉम्प्युटर दाब वाढवायचा आणि सगळं एकदम पकडायचं. पण एवढं तेल गेलं कुठे? मिस्त्री टॉर्च घेऊन खाली फिरतात. चेंबर कोरडा, कूलरचे पाइप कोरडे, सील कोरडे. रेडिएटरचं पाणी स्वच्छ.

“गेलं नाही. भरलंच नव्हतं. मागच्या वेळी तेल बदललं तेव्हा गाडी लगेच घेतली का गार करून?”

बागायतदार आठवून बघतात. “हायवेवरून सरळ तिथेच गेलो. अर्ध्या तासात मोकळं केलं.”

“झालं मग! गरम तेल फुगतं. फुगलेलं असताना थेंब आला म्हणून बोल्ट लावला. गार झाल्यावर ते खाली बसलं.”

बागायतदार खिशातला तो कागद काढतात, पुन्हा वाचतात, घडी घालून परत ठेवतात.

पोरगा लॅपटॉपवरून गिअरबॉक्सची शिकलेली मूल्यं पुसून टाकतो. कॉम्प्युटरने इतके महिने कमी तेलाशी जुळवून घेतलं होतं, आता त्याला पुन्हा शिकावं लागणार. पहिले काही दिवस पाय सावकाश दाबायचा, असं मिस्त्री सांगतात. दुसऱ्या ट्रायलला आम्ही घाट चढतो. दुसरा, तिसरा, आकडा सरळ खाली उतरतो. थांबल्यावर खालून आवाज नाही. फक्त थांबायच्या बेतात दुसऱ्यातून पहिला पडताना हलकी ठेच लागते.

“ही पण काढून टाका ना,” बागायतदार म्हणतात.

“नाही. हजार किलोमीटर चालवा, मग या. शिकून झाल्यावरही राहिली, तर व्हॉल्व्ह बॉडी बघू. आज हात लावला तर कशाने बरी झाली ते कळायचं नाही.” मिस्त्री वहीत तारीख आणि मीटरचा आकडा लिहून घेतात.

माथ्यावर पावसाची सर येते. वायपर चालू होतात, आणि सवयीने बागायतदारांचा डावा हात गोल बटणाकडे जातो. मिस्त्री त्यावर आपला हात ठेवतात.

“रस्ता ओला आहे दादा, चिखल नाही.”

“मग एवढे पैसे मोजून फोर बाय फोर घेतली कशाला?”

“बांधावर जायला. बांध आला की मीच फिरवून देतो.”