विश्लेषण : शत्रूच्या हातचे पाणी! ‘गुड समॅरिटन’ मूळचा कोण? येशूचा विहिरीवरचा संवाद आजही का महत्त्वाचा?

सोलापूर-धुळे महामार्गावर तुळजापूर ते येडशीदरम्यान अपघात झाला आणि तुम्ही गाडी थांबवून जखमीला रुग्णालयात पोहोचवले, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही ‘गुड समॅरिटन’ ठरता. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा व्यक्तींना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले. आता केंद्राच्या ‘राहवीर’ योजनेत बक्षिसाची रक्कम २५ हजार रुपये आहे.

पण हा ‘समॅरिटन’ कोण? आज कौतुकाने वापरला जाणारा हा शब्द दोन हजार वर्षांपूर्वी चक्क शिवी होता. खुद्द येशूलाही विरोधकांनी रागाच्या भरात ‘समॅरिटन’ म्हटल्याची नोंद योहानाच्या शुभवर्तमानात आहे. शिवीचा गौरव कसा झाला? त्याचे उत्तर एका विहिरीपाशी आणि एका रस्त्यावर सापडते.

शोमरोनी म्हणजे कोण?

मराठी बायबलमध्ये समॅरिटनांना ‘शोमरोनी’ म्हटले आहे. शोमरोन हा प्रदेश उत्तरेकडील गालील आणि दक्षिणेकडील यहूदिया यांच्या मधोमध होता. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूर साम्राज्याने तो जिंकला. अनेकांना तिथून हलवले आणि बाहेरचे लोक आणून वसवले. त्यामुळे शोमरोनी हे ‘भेसळीचे’ लोक, असे यहुद्यांचे म्हणणे. शोमरोन्यांचे सांगणे नेमके उलटे. आम्हीच योसेफाच्या घराण्यातले खरे वंशज, मूळ धर्म आम्हीच राखला, वाट तुमची चुकली, असे ते म्हणत.

दोघांचा देव एक, मोशे एक, शब्बाथ एक आणि सुंताही एकच. शोमरोनी मोशेची पाच पुस्तके मानतात, पुढचे संदेष्ट्यांचे ग्रंथ मानत नाहीत. खरा वाद होता जागेचा. यहुद्यांचे मंदिर यरुशलेमेत, तर शोमरोन्यांचे गरिज्जीम डोंगरावर.

वैर इतके टोकाला का गेले?

बाबेलच्या बंदिवासातून परतलेले यहुदी यरुशलेमचे मंदिर पुन्हा बांधू लागले. उत्तरेकडच्या लोकांनी ‘आम्हीही हातभार लावतो’ म्हणून विचारले, तेव्हा त्यांना नकार मिळाला, असे एज्राच्या पुस्तकात आहे. पुढे इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात यहुदी शासक व महायाजक योहान हिर्कानस याच्या सैन्याने गरिज्जीमवरील मंदिर उद्ध्वस्त केले. इतिहासकार जोसेफसने नोंदवल्यानुसार, येशूच्या बालपणाच्या काळात काही शोमरोन्यांनी यरुशलेमच्या मंदिरात मानवी हाडे टाकून ते विटाळले. येशूनंतर वीसेक वर्षांनी, यरुशलेमला निघालेल्या गालीली यात्रेकरूंवर शोमरोनाच्या हद्दीत हल्ला झाला. बदल्यात शोमरोनी गावे जाळली गेली. प्रकरण थेट रोमच्या सम्राटापर्यंत गेले.

म्हणजे दोन्ही बाजूंकडे दाखवायला जखमा होत्या. दूरच्या परक्यापेक्षा भाऊबंदकी अधिक कडवट असते. बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन भावांचे घर ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

विहिरीवर नेमके काय घडले?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात हा प्रसंग आहे. येशू यहूदियातून गालीलकडे निघाला होता. वाट शोमरोनातून जात होती. सुखार गावाजवळ याकोबाची विहीर होती. आजच्या नाब्लस शहराजवळ ती दाखवली जाते. भर दुपार, येशू दमून विहिरीवर बसलेला. शिष्य गावात अन्न विकत घ्यायला गेलेले. एक शोमरोनी बाई पाणी भरायला आली. येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले.

तिला आश्चर्य वाटले. तुम्ही यहुदी, मी शोमरोनी, त्यातही बाई. मग माझ्याकडे पाणी कसे मागता, असे तिने विचारले. यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, असे योहानाने तिथेच सांगितले आहे. येशू ‘जिवंत पाण्या’विषयी बोलू लागला, तेव्हा तिने व्यावहारिक शंका काढली. विहीर खोल, तुमच्याजवळ पोहरा नाही, मग पाणी आणणार कुठून?

पुढे तिच्या आयुष्याचा विषय निघाला. पाच नवरे झालेले आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही, हे येशूने सांगितले. यावरून तिच्यावर शिक्का मारण्याची पद्धत जुनी आहे. पण त्या काळी घटस्फोटाचा निर्णय बहुधा पुरुषाच्या हाती असे आणि वैधव्यही बाईच्याच वाट्याला येई. येशूने तिला त्यावरून दोष दिल्याचा उल्लेख त्या प्रसंगात नाही.

मग तिने थेट वादाच्या मुळाला हात घातला. आमचे पूर्वज या डोंगरावर भजन करीत, तुम्ही म्हणता यरुशलेमच खरे. मग खरे काय? येशूने प्रश्न टाळला नाही. तारण यहुद्यांमधून आहे, हे त्याने सांगितले. पण उपासना या डोंगराला किंवा यरुशलेमला बांधलेली राहणार नाही, अशी वेळ येत आहे, असेही तो म्हणाला. ती घागर तिथेच ठेवून गावात गेली आणि लोकांना घेऊन आली. गावाने आग्रह केला आणि येशू तिथे दोन दिवस राहिला.

या संवादात वेगळे काय?

पहिली गोष्ट, सुरुवात उपदेशाने झाली नाही, मागण्याने झाली. पाणी देणारा हात वरचा आणि घेणारा हात खालचा, हा साधा हिशेब आहे. ज्या समाजाला आपण वरचढ आहोत असे वाटत होते, त्यातल्या माणसाने इथे खालचा हात स्वीकारला.

मराठवाड्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कुणाच्या विहिरीवर कुणी जायचे, कुणाच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, हे नियम इथल्या जुन्या पिढ्यांनी पाहिले आहेत. पाणी देणे हे पुण्य मानले गेले. पण ‘त्यांच्या’ हातचे पाणी पिणे अनेकांना जमले नाही. दुष्काळात टँकर देणे सोपे, दुसऱ्याच्या माठातला पेला तोंडाला लावणे अवघड.

दुसरी गोष्ट, तिला बोलू दिले. तिचे प्रश्न, शंका आणि आक्षेप सगळे नोंदले गेले. तिसरी गोष्ट, मतभेद लपवला नाही. ‘सगळे सारखेच’ म्हणून वेळ मारून नेली नाही. चौथी गोष्ट, मुक्काम केला. दोन दिवस राहायचे म्हणजे त्यांच्या घरी झोपायचे आणि त्यांच्या ताटात जेवायचे.

येशूची भूमिका नेहमी अशीच होती का?

नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मत्तयाच्या शुभवर्तमानात शिष्यांना पाठवताना शोमरोन्यांच्या गावात जाऊ नका, अशी सूचना आहे. मुलीसाठी मदत मागणाऱ्या एका परदेशी स्त्रीला येशूने आधी कठोर उत्तर दिले. तिने त्याच उत्तरातला दाखला उलटवून प्रत्युत्तर दिले आणि तिचे म्हणणे मान्य झाले. अभ्यासक या प्रसंगांचे वेगवेगळे अर्थ लावतात. पण तिच्या बोलण्याने निर्णय बदलला, हे त्या गोष्टीतच आहे.

शोमरोनीही नेहमी पाहुणचार करीत नव्हते. यरुशलेमला निघालेल्या येशूला एका शोमरोनी गावाने थारा दिला नाही. चिडलेले शिष्य त्या गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची भाषा करू लागले. येशूने त्यांनाच दटावले आणि सगळे दुसऱ्या गावी गेले.

मग ‘चांगला शोमरोनी’ कुठून आला?

एका शास्त्र्याने येशूला विचारले, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल लूकच्या शुभवर्तमानातली प्रसिद्ध गोष्ट येते. यरुशलेम ते यरीहो या वाटेवर लुटारूंनी एकाला मारून अर्धमेला टाकले. याजक बाजूने निघून गेला, लेवीही गेला. शोमरोनी थांबला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसवले, उताऱ्यात नेले आणि खर्चासाठी दोन दिनार दिले.

इथेही बारकावा हाताचा आहे. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही जखमी शोमरोन्याला मदत करणाऱ्या यहुद्याची गोष्ट गोड लागली असती. येशूने मदत करणारा शोमरोनी ठेवला. म्हणजे ऐकणाऱ्याला स्वतःला रस्त्यावर पडलेल्याच्या जागी कल्पावे लागले. ‘या तिघांपैकी शेजारी कोण ठरला?’ या प्रश्नावर त्या शास्त्र्याने ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारला नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणाला.

धाराशिवशी याचे नाते काय?

जानेवारी २०२० मध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादेत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला तेरच्या संत गोरोबाकाकांचे नाव होते. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे हे कॅथलिक धर्मगुरू ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक होते, हरित वसईच्या लढ्यात उतरलेले होते आणि ‘सुबोध बायबल’मधून त्यांनी बायबल आजच्या मराठीत आणले होते. विहिरीवरचा हा संवादही त्यात आहेच.

धर्मगुरू मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. विरोध झाला, बंदोबस्त लागला. उद्घाटक ना. धों. महानोर यांनी जाऊ नये, असाही आग्रह धरला गेला. महानोर आले. पाठदुखीने बेजार असलेले दिब्रिटोही आले आणि बोलले. तुळजाभवानीच्या आणि गोरोबाकाकांच्या जिल्ह्याने एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या हातून मराठीचा विचार घेतला. यात नवे काही नव्हते. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी शिकून ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले होते आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. परक्याची भाषा शिकणे हेही तिच्या विहिरीवर जाऊन पाणी मागण्यासारखेच आहे. दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले.

या जिल्ह्यात आणखी एक पाऊलखूण आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. जातिव्यवस्थेने दोघांनाही गावकुसाबाहेर ठेवले होते. तरीही दोन समाजांत अंतर होते. त्यांनी एका मांडवात बसणे, हीच मोठी गोष्ट होती.

नुसत्या बोलण्याने भागते का?

भागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, ते कुणाकडे मागून नव्हे, तर हक्क म्हणून. ज्याला पाण्यापासून रोखले आहे, त्यानेच आधी गोड बोलावे अशी अपेक्षा करणे हा अन्याय आहे. विहिरीवरच्या प्रसंगातही पुढाकार वरचढ समजल्या जाणाऱ्या बाजूने घेतला, हे विसरता येत नाही. हक्क कायद्याने मिळतो. कायदा विहीर खुली करतो, पण कुणाच्या घरचा पेला तोंडाला लावायचा, हे माणसालाच ठरवावे लागते.

शोमरोनी आज कुठे आहेत?

ते संपले नाहीत. सुमारे आठ-नऊशे शोमरोनी आज तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये आणि नाब्लसशेजारच्या गरिज्जीम डोंगरावर राहतात. इस्रायली आणि पॅलेस्टिनी अशा दोन्ही समाजांशी त्यांना रोजचा व्यवहार ठेवावा लागतो. वल्हांडणाचा यज्ञ ते आजही त्याच डोंगरावर करतात.

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘त्या’ लोकांबद्दल काही फिरताना दिसले, तर पुढे पाठवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी आपण शेवटचे पाणी कधी प्यालो?