मुलगा की मुलगी हे ‘निवडता’ येतं का? सम तारखेची क्लिप, आयव्हीएफ आणि कायदा

सम तारखेला संबंध आला तर मुलगा आणि विषम तारखेला आला तर मुलगी, असं सांगणारी क्लिप तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. फेब्रुवारी २०२० मध्ये कीर्तनकार निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्या कीर्तनातली ही क्लिप व्हायरल झाली. पुढे त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण संगमनेरच्या कोर्टात केस उभी राहिलीच. नुसतं बोलण्यावर केस कशी होते? आणि मुळात अशी निवड करता येते का? चला, समजून घेऊया.

तारखेने लिंग ठरतं का?

नाही. स्त्रीबीजात एक्स गुणसूत्रच असतं. पुरुषाच्या शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स, तर निम्म्यांत वाय असतं. एक्सवाला बीजापर्यंत पोहोचला तर मुलगी, वायवाला पोहोचला तर मुलगा. म्हणजे ‘हिला मुलीच होतात’ हा सुनेवरचा आरोपही चुकीचाच.

त्यात शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. संबंध ४ तारखेला आणि गर्भधारणा ७ तारखेला, असंही होतं. मग सम धरायची की विषम? तरीही असे उपाय ‘खरे’ वाटतात, कारण कुठलाही अंदाज साधारण निम्म्या वेळा बरोबरच येतो. ज्यांचा जुळतो ते गावभर सांगतात, बाकीचे गप्प बसतात.

मग तंत्रज्ञानाने जमतं का?

हो, जमतं. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात ज्यांच्या घरी गोठा आहे, त्यांना हे माहीत असेल. गाईला कालवडच व्हावी म्हणून खास सीमेन मिळतं. एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए थोडा जास्त असतो. तेवढा फरक ओळखून मशीन शुक्राणू वेगळे करते आणि साधारण ९० टक्के वेळा कालवड होते.

माणसात यापेक्षा नेमका मार्ग आहे. आयव्हीएफमध्ये गर्भ शरीराबाहेर तयार होतो. पाचव्या दिवसाच्या आसपास त्यातल्या काही पेशी काढून गुणसूत्रं तपासतात. याला पीजीटी म्हणतात. गंभीर आनुवंशिक आजार बाळाला होऊ नये म्हणून ही चाचणी केली जाते आणि त्यासाठी भारतात परवानगीही आहे. पण त्याच चाचणीत लिंगही दिसतं. गडबड इथेच होऊ शकते.

परवडत असेल तर निवडू का नये?

मुंबईतल्या एका जोडप्याने हाच प्रश्न हायकोर्टात नेला होता. दोन मुली आहेत, आता गर्भधारणेआधीच मुलगा निवडू द्या, अशी त्यांची मागणी होती. २००७ मध्ये कोर्टाने ती फेटाळली.

कारण आकड्यांत दिसतं. २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात महाराष्ट्रात १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. अहमदनगर जिल्ह्यात फक्त ८५२. आपल्याकडे निवडीची सोय म्हणजे बहुतेक वेळा मुलगी नाकारण्याची सोय. मग ती सोनोग्राफीने असो की लॅबमध्ये, फरक काय?

कायदा काय म्हणतो?

१९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा २००३ मध्ये आणखी कडक झाला आणि गर्भधारणेआधीची निवडही त्यात आली. यात लिंगनिवडीच्या जाहिरातीवर बंदी आहे, पद्धत वैज्ञानिक असो वा नसो. इंटरनेटवरची जाहिरातही यात येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. २०२१ च्या एआरटी कायद्यात तर क्लिनिकने अशी जाहिरात केली तर ५ ते १० वर्षं कैद, १० ते २५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंदुरीकर प्रकरण याच ‘जाहिराती’च्या मुद्द्यावर फिरतं. मार्च २०२१ मध्ये सत्र न्यायालयाने केस रद्द केली. जून २०२३ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती पुन्हा सुरू केली आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यांना दिलासा दिला नाही. अर्थात, केस चालवायला परवानगी मिळणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे.

गूगल, याहू, मायक्रोसॉफ्टही यातून सुटले नाहीत. साबू जॉर्ज यांच्या २००८ च्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१६ मध्ये सरकारला नोडल एजन्सी नेमायला सांगितलं. तिच्याकडून तक्रार आली की ३६ तासांत अशी जाहिरात काढायची.

आपण काय करायचं?

‘मुलगा होण्याचे उपाय’ टाइपचे व्हिडिओ, औषधं, कॅलेंडर किंवा ‘परदेशात निवड करून देतो’ अशा जाहिराती दिसल्या तर गंमत म्हणूनही फॉरवर्ड करू नका. कायद्यात फक्त छापणं नाही, तर वाटणंही लिहिलेलं आहे. व्हिडिओ ॲपमध्ये रिपोर्ट करा, स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा आणि राज्य सरकारच्या ‘आमची मुलगी’ वेबसाइटवर किंवा १८०० २३३ ४४७५ या टोल-फ्री नंबरवर तक्रार द्या.

आणि घरात कुणी सुनेला कॅलेंडर दाखवत असेल, तर त्यांना एक्स-वायचं साधं गणित सांगा. ते समजायला दोन मिनिटंही लागत नाहीत.